दिसतं वेळेवर, पण बोट उशिरा जातं: चाळिशीनंतर गेममधला वेग नेमका कुठे अडकतो

चाळिशी ओलांडून अजून मनापासून गेम खेळणाऱ्यांची तक्रार जवळपास एकाच शब्दांत येते. समोरचा दिसतो, काय करायचं तेही कळतं, पण बोट दाबेपर्यंत आपण मेलेलो असतो. आठवडाभर असंच चालतं. मग एखाद्या रविवारी सकाळी हात अचानक पूर्वीसारखा चालतो आणि वाटतं, सुटला एकदाचा प्रश्न. गुरुवारी रात्री पुन्हा तेच. मग कोणीतरी म्हणतंच, "वय झालं आता."

मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण त्या रविवारातच आहे. गुरुवारी रात्री वाढलेलं वय रविवारी सकाळी उतरत नाही. जो त्रास येतो आणि जातो, त्याचं कारणही येणारं-जाणारंच असलं पाहिजे: अपुरी झोप, टीव्हीचं सेटिंग, वाय-फाय, चष्मा, एसीत गारठलेली बोटं, नाहीतर ऐन वेळी डोक्यात घोळणारे चार पर्याय. वयाचा वाटा खरा आहे, पण तो लहान आहे आणि रोज तेवढाच असतो. म्हणून आधी बाकीची गळती शोधायची. वयाचा हिशेब शेवटी.

मी नेरूळला राहते, मोबाइलवर बीजीएमआय आणि पीसीवर व्हॅलोरंट हे नेमबाजीचे गेम खेळते. माझा दादा ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो, त्याचा कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला. आमच्यासोबत खेळणारे बाकीचेही ऐरोली, खारघर, वाशी, कळवा असे पसरलेले, बहुतेक चाळीस ते पन्नाशीतले. खाली लिहिलेल्या तपासण्या आमच्यापैकी कोणा ना कोणाच्या घरी उपयोगी पडल्या आहेत.

वय नेमकं किती घेतं

दिवा लागला की बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. आवाजावर दाबायचं असेल तर त्याहून थोडे कमी. या साध्या प्रतिक्रियेत पन्नाशीपर्यंत फारसा फरक पडत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे जेफ डेर आणि इयन डिअरी या संशोधकांनी २००६ साली हे मांडलं. त्याच पाहणीत दुसरी गोष्टही दिसली. अनेक बटणांमधलं योग्य बटण निवडून दाबायचं असेल, तर तो वेग तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत जातो. म्हणजे वय हातापेक्षा निवडीवर जास्त परिणाम करतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळ्यात जास्त काम हिचंच आहे.

"चोविसाव्या वर्षीच गेमर म्हातारा होतो" अशी बातमी तुम्ही वाचली असेल. तिचा उगम २०१४ सालच्या एका अभ्यासात आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट २ हा डावपेचांचा गेम खेळणाऱ्या ३,३०५ जणांचे सामने तपासले, वयोगट १६ ते ४४. नवं दृश्य समोर आल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासून वाढू लागतो, असं त्यांना आढळलं. बातमी तिथेच थांबली. अभ्यास मात्र पुढे सांगतो की मोठ्या वयाचे खेळाडू सोपे डावपेच वापरून आणि गेममधल्या सोयी जास्त हुशारीने वापरून आपली पातळी टिकवून ठेवत होते. ते हळू झाले होते, पण हरत नव्हते.

आधी पट्टीने मोजा

शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. घरातल्या कोणाला तरी ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये यायला हवी, बोटं पट्टीला न लागता. समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. बोटांपाशी जो आकडा येतो तो लिहून ठेवा. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १७५ मिलिसेकंद, २० म्हणजे २००, २५ म्हणजे २२५ आणि पट्टी टोकाला पकडली तर जवळपास २५०. पहिले दोन-तीन प्रयत्न सोडून द्या, पुढच्या दहांतला मधला आकडा धरा. सगळ्यात चांगला आकडा धरण्याचा मोह होतो, पण त्याने काहीच कळत नाही.

पट्टीला पिंग (नेटवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) नसतो आणि रिफ्रेश रेटही (स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा) नसतो, म्हणून ती इतकी कामाची. पडण्याचा वेग ठरलेला असतो, त्यामुळे इथे मोजलं जातं ते फक्त तुमचं शरीर.

आता ज्या स्क्रीनवर खेळता त्याच स्क्रीनवर, त्याच खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून रंग बदलला की क्लिक करायची एखादी फुकट चाचणी घ्या. तिथेही मधलाच आकडा. स्क्रीन आणि माऊस थोडा वेळ घेतातच, शिवाय पकडणं आणि क्लिक करणं या हालचाली वेगळ्या, त्यामुळे दोन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. थोड्या फरकाची काळजी करू नका. पण पट्टीवर २०० आणि टीव्हीवर ३०० येत असतील, तर ते १०० मिलिसेकंद तुमच्या अंगात नाहीत, यंत्रात आहेत. दोन्ही आकडे सकाळी चांगले आणि रात्री वाईट येत असतील, तर प्रश्न थकव्याचा आणि झोपेचा. दोन्ही आकडे सकाळ-रात्र ठीक येतात आणि तरीही सामन्यात उशीर होतो, तर प्रश्न निर्णयाचा. या तीनपैकी तुमची वाट कोणती ते ठरवा आणि आधी तेवढाच भाग दुरुस्त करा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

यंत्रात हरवलेला वेळ

दादाची तक्रार अशी होती की फुटबॉलच्या गेममध्ये पास वेळेवर जातच नाही. पट्टी पकडताना मात्र तो माझ्यापेक्षा वेगवान. भाच्याने टीव्हीच्या मागे हात घातला आणि म्हणाला, "आत्या, बाबांना काही झालेलं नाहीये. वायर दुसऱ्या पोर्टला आहे बघ."

टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी, रंग खुलवण्यासाठी प्रत्येक फ्रेम थोडी अडवून ठेवतो. सिनेमा बघताना ते कळत नाही, खेळताना जीव जातो. गेम मोड बंद असेल तर काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. चालू केला की चांगल्या टीव्हीवर २० च्या खाली येतो. तुमच्या वयाने दहा-वीस वर्षांत जेवढं घेतलं असेल, त्याहून जास्त या एका बटणाने परत मिळतं. आता हा त्रास पुन्हा पुन्हा का येतो ते बघा. अनेक टीव्हींमध्ये गेम मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो. घरात कोणी सेट-टॉप बॉक्स हलवला, साफसफाईत वायर निघाली आणि दुसऱ्या भोकात गेली, की सेटिंग जागेवर राहतं आणि कन्सोल दुसरीकडे जातो. म्हणून सगळ्या पोर्टना गेम मोड लावा, नाहीतर कन्सोलच्या वायरीला चिकटपट्टीने खूण करा. टीव्हीत कमी उशिराचा आपोआप चालू होणारा मोड असेल तर तो टीव्ही आणि कन्सोल दोन्हीकडे चालू ठेवा.

पीसीवर असाच परत येणारा घोटाळा रिफ्रेश रेटचा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, पण ड्रायव्हर अपडेटनंतर किंवा केबल बदलल्यावर विंडोज गुपचूप ६० वर आलेलं असतं. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर दर ६.९ ने. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा डोळ्यांनी बघा, डब्यावरचा छापील आकडा धरू नका. व्ही-सिंक, म्हणजे स्क्रीनशी जुळवायला फ्रेम थांबवून ठेवणारं सेटिंग, बंद करा. ग्राफिक्स कार्ड आणि गेम दोन्हींत उशीर कमी करणारी एनव्हिडिया रिफ्लेक्सची सोय असेल तर चालू करा. माऊस ब्लूटूथवर असेल तर त्याच्या डोंगलवर किंवा वायरीवर आणा.

मोबाइलवाल्यांनी बॅटरी सेव्हर आधी बघावा, कारण तो चालू झाला की १२० हर्ट्झची स्क्रीन ६० वर उतरते आणि हे रोज रात्री बॅटरी संपत आल्यावरच होतं. चार्जिंगला लावून खेळलं की फोन तापतो, तापला की प्रोसेसर स्वतःला हळू करतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर दोन सामन्यांत हे होतं. कव्हर काढा, पंख्याखाली बसा, चार्जिंग खेळाच्या आधी उरका. घामेजलेल्या अंगठ्यांना स्क्रीन नीट दाद देत नाही, आणि खाडीकाठच्या दमट हवेत बोटं घामेजणारच. अंगठ्याचे कापडी टोप स्वस्त मिळतात आणि उपयोगी पडतात.

ब्लूटूथ इयरफोन मात्र खेळाच्या वेळी बाजूला ठेवाच. साध्या ब्लूटूथवर आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहू शकतो. पावलांचा आवाज हा आपल्याला सगळ्यात लवकर मिळणारा इशारा, आणि तोच उशिरा ऐकायचा म्हणजे आपणच आपला हात बांधायचा. वायरवाला साधा इयरफोन घ्या.

हा नेटचा उशीर आहे की स्क्रीनचा?

हे ओळखायला मोजणीची गरज नाही. माऊस हलवा किंवा स्क्रीनवर बोट फिरवा. नेम बोटामागून ओढल्यासारखा येत असेल, तर दोष स्क्रीनचा किंवा मशीनचा. नेम लगेच हलतो, पण गोळी लागूनही समोरचा पडत नाही, भिंतीआड गेल्यावर आपण मरतो, तर दोष नेटचा. इतकं सरळ आहे, तरी आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नेटच्या उशिरासाठी नवा माऊस घेतलेला आहे.

ठाणे आणि नवी मुंबईवाले याबाबतीत नशीबवान. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांचे सर्व्हर मुंबईत आहेत, आणि ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा डेटा सेंटरनी भरलेला. लॅन केबलने जोडलं तर आपल्याकडून मुंबईच्या सर्व्हरचा पिंग २० च्या आत यायला हरकत नाही. ६०-७० दिसत असेल तर गेमने तुम्हाला सिंगापूरच्या सर्व्हरवर टाकलं आहे का ते आधी बघा.

पण आकड्यापेक्षा त्याची उडी जास्त त्रास देते. सतत ४० असलेल्या पिंगची हाताला सवय होते. १५ वरून ९० आणि परत १५, असं होत राहिलं तर मेंदू अंदाजच बांधू शकत नाही. घणसोली-खारघरच्या टॉवरमध्ये रात्री नऊनंतर वाय-फायची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं संपत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, आणि सगळी सोसायटी त्यांवर बसलेली. ५ गिगाहर्ट्झवर जा, राउटर चपलांच्या कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून बाहेर काढा, जमलं तर लॅन केबल ओढा. आणि रात्री अकराला पिंग उसळत असेल, तर घरातला कुठला फोन त्याच वेळी दिवसभराचे फोटो वर चढवतोय का ते शोधा. अपलोडची रांग लागली की तुमच्या क्लिकही त्याच रांगेत उभ्या राहतात.

डोळे

चाळिशीचा चष्मा हा गेममधल्या उशिराचा एक मोठा आणि दुर्लक्षित वाटा. पंचेचाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं स्पष्ट व्हायला क्षणभर जास्त लागतो. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा आणि लगेच हातातल्या फोनकडे. अक्षरं स्थिर व्हायला वेळ लागत असेल, तर तेवढाच वेळ मिनीमॅपवर, म्हणजे गेमच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, नजर टाकतानाही लागतो.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर खेळणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. त्या काचेत जवळचं खालच्या भागातून दिसतं, त्यामुळे मॉनिटरकडे बघताना हनुवटी वर करावी लागते, मान आखडते आणि स्क्रीनच्या कडा पुसट दिसतात. चष्म्याच्या दुकानात नुसतं "वाचायचा द्या" म्हणू नका. मॉनिटर डोळ्यांपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजून न्या, साधारण ६० सेंटिमीटर भरेल, आणि त्या अंतराचा एकेरी नंबर मागा. मोबाइलसाठी नंबर वेगळा येईल. खर्च होतो, पण खेळण्याशिवाय ऑफिसच्या कामालाही तोच चष्मा चालतो.

वयाप्रमाणे डोळ्याची बाहुली कमी उघडते, आत प्रकाश कमी पोचतो. दृश्य जितकं अंधुक, प्रतिक्रिया तितकी संथ, हे तरुणांनाही लागू आहे. तेव्हा ब्राइटनेस वाढवा, हलतं चित्र धूसर करणाऱ्या मोशन ब्लरला गेममधून रजा द्या. व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या कडेचा रंग लालऐवजी पिवळा किंवा जांभळा करता येतो. मी पिवळा ठेवते, विटकरी भिंतींवर तो लगेच उठून दिसतो.

गुरुवारची रात्र

आता त्या परत परत येणाऱ्या त्रासाच्या मुळाशी. पहाटे साडेपाचला उठून डबे भरले, लोकल पकडली, दिवसभर काम केलं, संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून किंवा ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून घरी आलो, जेवणं उरकली आणि साडेदहाला खेळायला बसलो. त्या क्षणी जागं होऊन १७ तास झालेले असतात. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली नेचर या नियतकालिकात दाखवून दिलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. जिला स्कूटर चालवायला कायदा मनाई करेल, ती बाई रँक्ड (हार-जितीवर क्रमवारी ठरवणारा) सामना खेळायला बसलेली असते, आणि हरली की दोष वयाला देते.

झोप कमी पडली की सगळ्याच प्रतिक्रिया सारख्या हळू होत नाहीत. बहुतेक ठीक येतात आणि मधेच एखादी अर्धा सेकंद गायब होते. म्हणूनच खेळताना वाटतं, "आत्ता तर बरा चालला होता हात!" पट्टीच्या दहा पकडींत आठ चांगल्या आणि दोन पूर्ण सुटल्या, तर हे झोपेचं लक्षण समजा.

उपाय कामाच्या दिवशी जमेल असाच सांगते. रँक्ड सामने शनिवार-रविवार सकाळी ठेवा. आठवड्यातल्या रात्री सराव करा, मित्रांसोबत साधे सामने खेळा, जिथे हरल्याने काही जात नाही. कामावरून आल्यावर वीस मिनिटं आडवं व्हायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्याहून लांब झोपलात तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं. कॉफीने तरतरी येते, पण तिचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊची कॉफी दोन वाजेपर्यंत अर्धी शिल्लक, आणि मग शुक्रवारचा हात गुरुवारपेक्षाही जड. संध्याकाळनंतर नकोच.

शरीराच्या बाकीच्या गोष्टी

एसी वीसवर ठेवून खेळू नका. हात गार पडले की नसांमधून संदेश हळू जातो आणि बोटंही ताठरतात. सुरू करण्याआधी कोमट पाण्याने हात धुवा, मुठी उघडा-मिटा. रोजचं भरभर चालणंही मदत करतं. त्यासाठी जिम लागत नाही. ठाण्यात तलावपाळी आणि उपवन आहे, वाशीला सागर विहार, खारघरला सेंट्रल पार्क. दम लागेल असं चाला, गप्पा मारत फिरणं वेगळं.

औषधांकडे लक्ष द्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते गुंगी आणतं आणि प्रतिक्रिया मंदावते. सेटिरिझिननेही काहींना झोप येते. रोजच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना वेळ बदलता येईल का एवढं विचारा. बोटांना मुंग्या येत असतील तर साखर आणि बी१२ तपासून घ्या. शाकाहारी लोकांत बी१२ ची कमतरता नेहमी दिसते. सतत थकवा आणि सुस्ती असेल तर थायरॉइडही.

आणि एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. वयाचा मंदपणा दोन्ही हातांना सारखा आणि वर्षांच्या हिशेबाने येतो. एकच हात काही दिवसांत मागे पडला, कंप आला, दोन-दोन दिसू लागलं, तर डॉक्टरकडे जा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

निर्णय: खरी कमाई इथे आहे

पट्टी ठीक, स्क्रीन ठीक, झोप ठीक, तरीही उशीर होतोय? मग वय जिथे खरोखर घेतं तिथे आपण पोचलो. पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळ वाढतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली मांडलं. पर्याय दुप्पट झाले की साधारण ठराविक वेळ वाढत जातो. आपल्या हातात आहे ते पर्याय कमी करणं, आणि ते शत्रू दिसण्याआधी करता येतं.

दाराशी पोचण्याआधीच ठरवा: डावीकडे दिसला तर गोळी, दोघं दिसले तर मागे. दोनच पर्याय. स्मोक (धुराचा पडदा) टाकू का, ग्रेनेड टाकू का, मित्राला हाक मारू का, हे विचार दाराच्या पाच पावलं आधी संपलेले असले पाहिजेत. नेम कायम डोक्याच्या उंचीवर आणि जिथून माणूस येईल त्या कोपऱ्यावर धरून चाला. नेम जमिनीवर असेल तर तुम्हाला दिसणं, ठरवणं, नेम वर आणणं, मग दाबणं असं सगळं करावं लागतं. नेम जागेवर असेल तर उरतं फक्त दाबणं, आणि तेवढ्यात तुम्ही विशीतल्या पोराच्या फार मागे नाही.

वय झालं म्हणून कोपरा धरून बसायचा सल्ला मिळतो. माझा त्याला विरोध आहे. ऑनलाइन गेममध्ये नेटच्या उशिरामुळे जो बाहेर येतो त्याला थांबलेला माणूस आधी दिसतो. म्हणजे बसून राहणाऱ्याची प्रतिक्रियेची परीक्षाच उशिरा सुरू होते, आणि ते आपल्याला परवडत नाही. बसायचंच असेल तर कोपऱ्याला खेटून बसू नका. कोपऱ्यापासून जितकं दूर, तितका येणारा माणूस तुम्हाला लवकर दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे खबर मिळाल्यावर स्वतः बाहेर पडणं. व्हॅलोरंटमध्ये सायफर या पात्राची तार लावली की कोणी आल्याचा इशारा मिळतो, नेम आधीच तिथे असतो. बीजीएमआयमध्ये पावलांचे आवाज आणि मिनीमॅप हेच काम करतात.

दाइगो उमेहारा हा जपानी खेळाडू १९८१ सालचा, आणि चाळिशीनंतरही स्पर्धांमध्ये उतरतो. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत त्याने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा पंधरा फटक्यांचा हल्ला एकामागून एक अडवला. तो सामना लोक अफाट प्रतिक्रियेचं उदाहरण म्हणून दाखवतात. पण त्या गेममध्ये पहिला फटका अडवायचा तर हल्ला दिसण्याआधीच कळ दाबावी लागत होती. समोरचा आता काय करणार हे त्याने ओळखलं होतं. ही ओळख वयाबरोबर वाढते, कारण ती सामन्यांच्या अनुभवातून येते. मेल्यावर चिडून पुढचा सामना लावण्याऐवजी मारणारा कुठून आणि केव्हा आला ते बघा. तीच जागा, तीच वेळ पुढच्या सामन्यांत पुन्हा येते.

आणखी एक सवय मोडावी लागते. मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे की मोठ्या वयाची माणसं हळू असण्याचं एक मोठं कारण सावधपणा असतो. चूक होऊ नये म्हणून ती जास्त पुरावा गोळा करतात. नोकरीत, संसारात हा गुण कामाचा, पण गेममध्ये खात्री होईपर्यंत आपण गेलेले असतो. म्हणून सरावात मुद्दाम चुकायची मुभा द्या. ट्रेनिंग ग्राउंडवर किंवा रेंजवर पंधरा मिनिटं, त्यातली अर्धी फक्त वेगासाठी: दिसलं की दाबायचं, चुकलं तर चुकलं. उरलेली अर्धी अचूकतेसाठी. तासभर एकदम घासू नका. थोडं रोज, मधे झोप, याने हात जास्त चांगला बसतो.

बटणांची जागाही या निमित्ताने तपासा. मोबाइलवर दोनच अंगठ्यांनी खेळत असाल तर गोळी मारताना नेम सोडावा लागतो. तर्जनी गोळीच्या बटणावर आणली की दोन्ही कामं एकदम होतात, आणि फोनची हालचाल ओळखणारा जायरोस्कोप चालू केला तर बारीक नेम मनगटाने धरता येतो. पहिला आठवडा हात वेडावाकडा जातो, तेव्हा सेटिंग परत जुनं करू नका. पीसीवर बोट ताणून दाबावी लागणारी कळ माऊसच्या बाजूच्या बटणावर आणा.

संघात जागा निवडताना सगळ्यात आधी घुसण्याचा हट्ट सोडायला हरकत नाही. वाशीची माझी मैत्रीण पूर्वी कायम पुढे असायची. आता ती कंट्रोलरची भूमिका घेते, स्मोक कुठे आणि कधी टाकायचा ते ठरवते, आमच्या पोरांना कोपरे सांगते. एकोणीस वर्षांचा माझा भाचा तिच्या संघात जायला मिळावं म्हणून आधीच निरोप टाकून ठेवतो, कारण तिने "आता" म्हटलं की दाराआड कोण उभं आहे हे त्याला न बघता माहीत असतं.